रजेचा अर्ज: उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या कामाच्या नोंदी

३ जुलै २०२४, बुधवार

या फाउंड्रीसाठी आम्ही रजेचं ॲप बनवतोय, म्हणून आज पहिल्यांदा त्यांच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या ऑफिसात, दिवसभर बसले. अनगोळातून निघाले तेव्हापासून पाऊस, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत, पोचेपर्यंत रेनकोटच्या आतून पण भिजलेली. फाउंड्री (वितळलेलं लोखंड साच्यात ओततात तो कारखाना) आणि मशीन शॉप धरून साधारण १८० माणसं, तीन शिफ्ट, आणि रजेचा सगळा कारभार तात्यांच्या टेबलावर. तात्या म्हणजे टाइमकीपर, हजेरी ठेवणारे, सगळी कंपनी त्यांना तात्याच म्हणते, मालकसुद्धा. टेबलावर लाल बांधणीचं रजिस्टर, एक दोनशे पानी वही आणि चिठ्ठ्यांनी भरलेला बिस्किटाचा पत्र्याचा डबा.

पद्धत अशी की माणूस चिठ्ठी लिहितो नाहीतर सुपरवायझरला तोंडी सांगतो, सुपरवायझर हो म्हणाला की चिठ्ठी डब्यात पडते, महिनाअखेरीला तात्या त्या चिठ्ठ्या मस्टरशी, म्हणजे हजेरीपटाशी, लावून बघतात आणि मग एक्सेलमध्ये भरतात. मी विचारलं नाही म्हटलेल्या चिठ्ठ्या कुठं असतात, तर म्हणाले, "त्या कशाला ठेवायच्या बाळ, माणूस कामावर आला की झालं की."

हे लिहून ठेवलंय, यावर परत यायचंय.

बाबा होनग्याला एका फाउंड्रीत फर्नेसवर होते, २६ वर्षं. आपली रजा किती शिल्लक आहे हे त्यांना कधीच ठाऊक नसायचं. आई विचारायची, गौरीला घरी राहणार का, तर ते म्हणायचे साहेबाला विचारून बघतो. म्हणून माझं एक आधीच ठरलंय, लॉगिन केल्याकेल्या पहिल्या स्क्रीनवर एकच मोठा आकडा दिसला पाहिजे, माझी रजा किती. बाकी सगळं त्याच्या खाली.

८ जुलै, सोमवार

ॲप बनवायला लॅरावेल आणि माहिती साठवायला मायएसक्यूएल ठरलं. आमच्याकडं नवीन आलेल्या पोराला (मला अक्का म्हणतो) काहीतरी एकदम नवीन वापरायचं होतं, पण मी त्याला सांगितलं, उद्या आपण नसलो तर हे दुरुस्त करणारा माणूस बेळगावातच मिळाला पाहिजे, पुण्याला किंवा बेंगळुरूला फोन लावत बसायला नको.

लॉगिन टोकन नंबर (प्रत्येक कामगाराचा कंपनीतला नंबर) आणि मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने. ईमेल काढून टाकलं, शॉप फ्लोअरवर ईमेल कोण बघतंय. नावावर काहीच शोधायचं नाही, एकट्या मोल्डिंगमध्ये (साचे बनवायचा विभाग) पाटील आडनावाचे सातजण आहेत आणि त्यातल्या दोघांचं नाव, बापाचं नाव, गाव सगळं एकच आहे, आतापर्यंत तात्या त्यांना थोरला आणि धाकटा म्हणून ओळखायचे. टोकन नंबर हीच ओळख.

रजेची शिल्लक कुठल्याही टेबलात आकडा म्हणून साठवायची नाही असं पण ठरवलं. बँकेच्या पासबुकासारखं, जमा आणि नावे अशा ओळी, शिल्लक म्हणजे त्यांची बेरीज. चूक झाली तर ओळ खोडायची नाही, उलटी ओळ टाकायची. स्क्रीनचं नावच पासबुक ठेवलंय, तात्यांना सांगायला दोन मिनिटं पण लागली नाहीत.

१२ जुलै, शुक्रवार

दिवसभर कायदा वाचला. फॅक्टरी ॲक्ट १९४८, कलम ७९, २०२४ मध्ये लागू असलेला. कामगारांची हक्काची पगारी रजा इथं आहे, ऑफिस स्टाफची सीएल (किरकोळ रजा) वगैरे कंपनीच्या नियमाची गोष्ट, ती वेगळी.

डोक्यात पक्कं बसावं म्हणून माझ्या शब्दांत लिहिते. मागच्या कॅलेंडर वर्षात २४० दिवस किंवा जास्त काम झालं असेल तर या वर्षी रजा मिळते, प्रौढ कामगाराला केलेल्या दर २० दिवसांमागं १ दिवस. अपूर्णांक अर्धा किंवा जास्त आला तर पूर्ण दिवस धरायचा, कमी आला तर सोडायचा. म्हणजे २४७ दिवस काम केलं तर १२.३५, म्हणून १२, आणि २५० केलं तर १२.५, म्हणून १३. वर्षाच्या मध्येच लागलेल्याला २४० लागत नाही, उरलेल्या दिवसांच्या दोन तृतीयांश काम झालं की पुरतं, १ ऑगस्टला लागला तर डिसेंबरअखेरपर्यंत १५३ दिवस, त्याचे १०२. शिल्लक रजा पुढच्या वर्षी नेता येते, जास्तीत जास्त ३०. अर्ज १५ दिवस आधी, वर्षात तीन वेळाच, पण आजारपणासाठी घेतली तर १५ दिवसांची अट आड येत नाही. आणि रजेच्या मध्ये किंवा टोकाला आलेल्या सुट्ट्या रजेत धरायच्या नाहीत.

शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण इथं शनिवार आणि सोमवार रजा टाकली तर मधला रविवारपण कापतात. सँडविच म्हणतात त्याला. स्टाफच्या सीएलला कंपनी काय तो नियम लावू दे, कामगाराच्या हक्काच्या रजेला तो लावता येत नाही. एचआरच्या मॅडमना दाखवलं, त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, हे आधी कुणी काढून का नाही दाखवलं.

१६ जुलै, मंगळवार

आजचा दिवस मोठा आहे. गेल्या वर्षाचा एक्सेल आमच्या डेटाबेसमध्ये ओढून घेत होतो, सगळ्यांची २०२४ ची रजा माझ्या कोडने काढली आणि एक्सेलच्या आकड्याशी लावून बघितली. बाकी बहुतेक जुळले, नऊजणांचा एक्सेलमध्ये शून्य आणि माझ्याकडं ११, १२, ११ असे आकडे.

आधी वाटलं माझंच चुकलं. कोअर शॉपमधल्या (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथल्या) एका माणसाचा हिशोब कागदावर मांडला. २०२३ मध्ये हजर २३१ दिवस. एक्सेलच्या फॉर्म्युल्यात सरळ अट, हजेरी २४० पेक्षा कमी तर शून्य. पण त्याच वर्षी त्यानं १४ दिवस हक्काची रजा घेतली होती, भावाचं लग्न आणि नंतर सुगी. आणि कायदा म्हणतो की आधीच्या वर्षी कमावलेली रजा उपभोगली ते दिवस, ले-ऑफचे (काम नाही म्हणून घरी बसवल्याचे) दिवस, बाळंतपणाच्या रजेचे ठराविक दिवस, हे २४० मोजताना काम केल्यासारखे धरायचे, फक्त त्या दिवसांवर नवीन रजा जमत नाही. म्हणजे २३१ आणि १४ मिळून २४५, माणूस पात्र. आणि रजा फक्त २३१ वर, २३१ भागिले २०, ११.५५, म्हणजे १२ दिवस.

शून्य नाही, १२.

त्या माणसानं आपल्या हक्काची रजा घेतली आणि त्याचीच शिक्षा म्हणून पुढच्या वर्षीची सगळी रजा गेली. आणि त्याला हे कळलंसुद्धा नाही, त्याला कुणीतरी सांगितलं तुझी हजेरी कमी भरली, त्यानं मान हलवली असणार आणि मोल्डिंगच्या मागनं कोअर शॉपला गेला असणार. तात्यांचा यात काही दोष नाही, तो फॉर्म्युला फार आधी कुणीतरी घालून दिलेला, ते फक्त आकडे भरत होते. पण तात्या गप्प झाले. बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "पोरी, त्याच्या आधीच्या वर्षाचं पण बघ."

२२ जुलै, सोमवार

मालकांसमोर नऊजणांची यादी ठेवली. त्यांनी सल्लागाराला फोन लावला, सल्लागारांनी कलम बघून बरोबर आहे म्हणून सांगितलं. नऊजणांच्या खात्यात या वर्षीची रजा जमा होणार. २०२३ ची यादी पण काढायला सांगितलीय, ती जुन्या रजिस्टरातनं हातानं काढावी लागेल. पोरगा म्हणाला अक्का मी बसतो तात्यांबरोबर, चार दिवसांत होईल.

२५ जुलै, गुरुवार

पाऊस थांबायला तयार नाही. आज पहिल्या शिफ्टला मोल्डिंगमध्ये जेमतेम निम्मी माणसं. येळ्ळूर, किणये, खानापूर भागातली जी माणसं आहेत त्यांच्याकडं रोप लावणी चाललीय, शेतात पाणी उभं राहिलं की त्याच दिवशी लावावं लागतं, भाताला थांब म्हणून सांगता येत नाही.

१५ दिवसांची अट मी फॉर्ममध्ये पक्की घातली होती, तारीख त्याच्या आतली असेल तर सबमिटच होत नव्हतं. आज काढून टाकली. पाऊस कधी १५ दिवस आधी कळवून येतो का. माणूस अर्ज टाकणार नाही तर सरळ दांडी मारणार, आणि बिनपगारी पडणार, त्यापेक्षा अर्ज येऊ दे, त्यावर "उशिरा अर्ज" एवढं पिवळं लेबल लागेल, ठरवायचं सुपरवायझरनं. आजारपण निवडलं तर लेबलपण नाही. सुपरवायझर लोक याला लगेच तयार झाले, त्यांना पण आदल्या रात्री कळलं तरी चालतंय, सकाळी सहाला रिकामी जागा बघण्यापेक्षा.

१ ऑगस्ट, गुरुवार

भाषांचं काम. ॲपमध्ये कन्नड, मराठी, हिंदी आणि ऑफिससाठी इंग्रजी. माणूस पहिल्यांदा लॉगिन करतो तेव्हा भाषा विचारायची आणि त्याच्या खात्याबरोबर ठेवायची, फोनवरून ओळखायचा प्रयत्न करायचा नाही, सगळ्यांचे फोन इंग्रजीतच आहेत.

कन्नडचं भाषांतर मॅडमनी केलं. आम्ही दोघी शेजारी बसून एकेक शब्द घेत होतो आणि फार छान वाटलं. रजा, कन्नडमध्ये रजे. अर्ज, तिकडं अर्जी. मंजूर, तिकडं मंजूरु. हजर, हाजरु. शिल्लकीला काय म्हणायचं विचारलं तर म्हणाल्या शिल्कु, आमची आजी हिशोबाच्या वहीत तोच लिहायची. कारखान्यात सगळे एकमेकांशी अर्धं हे अर्धं ते असंच बोलतात, त्यामुळं शब्द शोधत बसावं लागलंच नाही. उगाच कुठल्या शासकीय पुस्तकातले अवघड शब्द आणले नाहीत, "विनंती अनुमोदित" असलं काही नाही, मंजूर म्हणजे मंजूर.

हिंदी ओडिशा आणि बिहारकडच्या पोरांसाठी. त्यांना गावाला जायला यायला पाच सहा दिवस नुसते प्रवासात जातात, म्हणून ते वर्षाची सगळी रजा एकदम घेतात. त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये "परत येणार ती तारीख" असा वेगळा रकाना ठेवलाय.

९ ऑगस्ट, शुक्रवार

पंचमी. घरी लाह्या झाल्या, मी टेस्टिंगला.

मशीन शॉपच्या सुपरवायझरनं एक अर्ज मंजूर केला आणि पासबुकात तीन दिवस दोनदा नावे पडले. त्याच्या फोनला शेडमध्ये रेंज नसते, त्यानं बटण दाबलं, काही झालं नाही, परत दाबलं, आणि दोन्ही रिक्वेस्ट पाठोपाठ येऊन पोचल्या. दोन्हींनी वाचलं तेव्हा अर्ज प्रलंबितच होता, म्हणून दोन्हींनी मंजूर केला.

बटण एकदा दाबलं की बंद करणं हा वरवरचा उपाय, तो केला, पण खरा उपाय डेटाबेसमध्ये. अर्जाची ओळ आधी लॉक करायची, सिलेक्ट फॉर अपडेट, मग अजून प्रलंबित आहे का बघायचं, मग पासबुकात ओळ टाकायची, आणि सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. वर पासबुकाच्या टेबलाला अर्ज क्रमांक आणि व्यवहाराचा प्रकार मिळून युनिक की, म्हणजे कोड कुठं चुकला तरी डेटाबेस दुसरी ओळ घेणारच नाही. माणसाची रजा आहे ती, तीन दिवस इकडचे तिकडे झाले तर तो भांडायला येणार नाही, तो समजेल आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून इथं दुहेरी कडी पाहिजेच.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

तिसऱ्या शिफ्टचा घोळ. शिफ्ट रात्री १० ते सकाळी ६. १४ तारखेच्या रात्री न आलेल्या माणसाची रजा १४ ची की १५ ची, आणि १५ ला तर स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. तात्यांचं उत्तर सरळ आहे, शिफ्ट ज्या तारखेला चालू झाली ती तारीख. तसंच केलं, रजेला नुसती तारीख नाही तर शिफ्टपण जोडली.

दुसरं, सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होता. आपण साडेपाच तास पुढं, त्यामुळं पहाटे ५ ला कुणी अर्ज टाकला की सर्व्हरवर आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेअकरा. तिसऱ्या शिफ्टची माणसं नेमकी त्याच वेळी, काम संपता संपता, फोन बघतात. साठवायचं यूटीसीतच, पण १५ दिवस मोजताना आणि दाखवताना आपली वेळ. टेस्ट लिहिल्या, पहाटे ५:२९ आणि ५:३० दोन्हीच्या.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आज मला रात्री झोप लागणार नाही बहुतेक.

पोरगा टेस्टिंग करताना ॲड्रेस बारमध्ये अर्जाचा नंबर ४१ चा ४२ केला, आणि दुसऱ्याच माणसाचा अर्ज उघडला. पूर्ण, कारणासकट. कारण काय लिहिलं होतं ते इथं पण लिहित नाही, घरातलं होतं, बायकोच्या तब्येतीचं, जे कुणी चहाच्या टपरीवर ऐकू नये असं. लोकांनी आम्हाला विश्वासानं लिहून दिलंय आणि आम्ही कुलूपच लावलेलं नव्हतं. लॉगिन आहे का एवढंच तपासत होतो, हा अर्ज त्याचा आहे का हे तपासतच नव्हतो.

पायलटमध्ये, म्हणजे चाचणीच्या पहिल्या गटात, अजून फक्त बाराजण होते आणि लॉग बघितले तर आमच्याशिवाय कुणी तसं उघडलेलं नाही, तरी मॅडमना लगेच सांगितलं. आता प्रत्येक अर्जावर पॉलिसी, बघणारा एकतर स्वतः, नाहीतर त्याचा सुपरवायझर, नाहीतर टाइम ऑफिस. कारणाचा रकाना डिपार्टमेंटच्या यादीतून काढला, तिथं फक्त नाव आणि तारखा. आणि कारण लिहिणं सक्तीचं होतं ते पण काढलं. हक्काची रजा मागताना कशासाठी हे सांगायलाच पाहिजे असं कलमात कुठं लिहिलेलं नाही. "घरगुती काम" एवढं निवडलं तरी पुरे.

५ सप्टेंबर, गुरुवार

परवा गणपती. गेल्या दहा दिवसांत जेवढे अर्ज आले तेवढे जुलै ऑगस्ट मिळून आले नव्हते. चंदगडकडची, खानापूरची माणसं गौरी होईपर्यंत गावाकडंच राहतात. आणि फर्नेस तर चालू पाहिजे, फर्नेसवर एका शिफ्टला ठराविक माणसं नसतील तर हीट घेताच येत नाही, म्हणजे लोखंड वितळवताच येत नाही, वितळलेल्या लोखंडासमोर कमी माणसांनी उभं राहायचं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून सुपरवायझरच्या स्क्रीनवर प्रत्येक तारखेला किती माणसं आधीच रजेवर आहेत आणि कमीत कमी किती लागतात ते दिसतं.

आज फर्नेसचा एक माणूस सुपरवायझरसमोर उभा होता, मी बाजूलाच लॅपटॉप घेऊन बसलेली. त्याचा अर्ज वेळेत होता, पाच दिवसांचा, ९ तारखेपासून, ऑगस्टमध्येच टाकलेला. सुपरवायझर म्हणाला जमत नाही, माणसं भरली. तो म्हणाला, "साहेब तीन वर्षं झाली, दरवर्षी मलाच नाही म्हणताय." सुपरवायझर म्हणाला, "तीन वर्षं कुठलं गा, गेल्या साली गेला नव्हतास का?" "नव्हतो की साहेब." मग दोघं तात्यांकडं बघायला लागले, आणि तात्या डब्याकडं. डब्यात फक्त हो म्हटलेल्या चिठ्ठ्या.

कोण खरं बोलत होतं हे आता कुणालाच कधी कळणार नाही. सुपरवायझर वाईट माणूस नाही, त्याला खरंच आठवत नव्हतं. पण तो माणूस मान खाली घालून परत गेला, ते मला बघवलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन कलम ७९ परत काढलं, कारण काहीतरी वाचल्यासारखं आठवत होतं. आहे. रजा पुढं न्यायला ३० दिवसांची मर्यादा आहे खरी, पण नियमाप्रमाणे अर्ज करूनही ज्याला रजा दिली नाही, त्याची ती नाकारलेली रजा पुढं न्यायला मर्यादाच नाही. कायद्यानं नकाराला पण किंमत ठेवलीय. आणि आम्ही सगळ्यांनी, तात्यांनी चिठ्ठी टाकून आणि मी माझ्या कोडमध्ये, ती फेकून दिली होती. माझ्या कोडमध्ये खरंच तसं होतं, नामंजूर झालेले अर्ज ९० दिवसांनी आपोआप डिलीट, यादी स्वच्छ राहावी म्हणून मीच घातलेलं.

रात्री एक वाजेपर्यंत बसून बदललं. नामंजूर अर्ज कधीच पुसला जाणार नाही. नाकारताना कारण लिहिल्याशिवाय बटण चालणार नाही. पासबुकात जमा आणि नावेच्या शेजारी तिसरा रकाना, नाकारलेली, वेळेत केलेला अर्ज नाकारला की तेवढे दिवस तिथं चढणार, माणसाला ते स्वतःच्या फोनवर दिसणार. आणि पुढच्या वर्षी त्याच सणाला दोघांचे अर्ज आले तर सुपरवायझरला दिसणार, याला गेल्या वर्षी नाही म्हटलं होतं.

त्या फर्नेसवाल्याची पहिली ओळ. नाकारलेली, ५ दिवस.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी तात्यांना सगळं दाखवलं. त्यांनी त्यांच्या दोनशे पानी वहीत एक पान काढलं, वर "नाही" असं लिहिलं आणि खाली त्या माणसाचा टोकन नंबर आणि ५. म्हणाले सिस्टीम बंद पडली तर असू दे.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन. बेळगावची मिरवणूक म्हणजे दुसऱ्या दिवशी उजाडून ऊन वर आलं तरी कपिलेश्वर तलावाकडं गणपती जातच असतात. आज पहिली शिफ्ट जवळजवळ रिकामी. यंदा मालकांनी आधीच सांगितलं होतं आज पहिल्या शिफ्टला रजा टाका, दांडी नको, आणि लोकांनी टाकली. एकाच दिवशी इतके अर्ज पहिल्यांदाच, सर्व्हरला काही झालं नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

एसएमएस चालू झाले. याला वेळ का लागला ते लिहून ठेवते, पुढच्या कामाला उपयोगी पडेल. आपल्याकडं कंपनीला एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांची नोंदणीची व्यवस्था) नोंदणी लागते, हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि प्रत्येक मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, साच्यातला एक शब्द बदलला तरी मेसेज जात नाही. आणि इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठी कन्नडला युनिकोड लागतो म्हणून ७०, त्यात काना मात्रा वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. "आपला रजेचा अर्ज मंजूर करण्यात आलेला आहे" असलं लांबड लावून वर तारखा आणि शिल्लक घातली की दोन मेसेजचे पैसे. शेवटी मेसेज असा, रजा मंजूर, तारीख ते तारीख, शिल्लक इतकी. बस.

१४ ऑक्टोबर, सोमवार

शुक्रवारी खंडेनवमी झाली, सगळ्या मशिनींना, फर्नेसला, तात्यांच्या टेबलाला पण हार घातलेला. आमच्या लॅपटॉपला कुंकू लावलं त्यांनी, अजून पुसलेलं नाही.

रजेचं पत्रक पीडीएफमध्ये काढताना मराठी मोडत होतं, "शिल्लक" मधली वेलांटी अक्षराच्या उलट्या बाजूला जाऊन बसायची, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडायची. पहिली जी लायब्ररी घेतली तिला अक्षरं जोडताच येत नव्हती. एमपीडीएफ नावाच्या दुसऱ्या लायब्ररीवर गेलो, नोटो फॉन्ट घातले, कन्नडपण सरळ येतंय.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सुट्ट्यांची यादी भरताना डेटाबेसनं ओळ नाकारली. १ नोव्हेंबरला राज्योत्सव आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन, आणि मी तारीख युनिक ठेवलेली, म्हणजे एका तारखेला एकच ओळ. कर्नाटकात कारखान्यांना १९६३ च्या सुट्ट्यांच्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर हे पाच ठरलेले दिवस आणि वर सणांचे पाच. सणांच्या पाचात लक्ष्मीपूजन धरलं असतं तर लोकांची एक सुट्टी तशीच गेली असती. मॅडमनी त्याऐवजी पाडवा धरला, २ तारीख.

मग एक खरा अर्ज घेऊन हिशोब तपासला, ३० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर. जुन्या पद्धतीनं सात दिवस कापले असते. आता १ आणि २ सुट्टी, ३ ला रविवार, म्हणजे ३०, ३१, ४, ५, चारच दिवस. त्या माणसाला पासबुकात चार दिसल्यावर तो टाइम ऑफिसात विचारायला आला, चुकलंय का काहीतरी, कमी कापलेत. तात्यांनी त्याला बसवून कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक दिवस मोजून दाखवला.

२० नोव्हेंबर, बुधवार

सुगी चालू. अर्ज येतायत, बहुतेक वेळेत, पिवळी लेबलं फार कमी. ज्या माणसाला शून्याचे १२ मिळाले होते त्यानं सुगीला आठ दिवस घेतले, चार ठेवलेत. गेटबाहेर चहाला भेटला, फोन काढून आकडा दाखवला मला. म्हणाला बाईसाहेब हे माझंच आहे न्हवं, कुणी काढून घेत नाही न्हवं. मी म्हटलं नाही.

ईएसआयची (कामगार राज्य विमा) रजा वेगळी केली या आठवड्यात. ईएसआयच्या डॉक्टरनं सर्टिफिकेट दिलं की आजारपणाचा भत्ता तिकडनं मिळतो, पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, त्यामुळं हक्काच्या रजेला हात लावायचा नाही. आधी काहींची दोन्हीकडं नोंद व्हायची.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

काल पहाटे वर्षअखेरीचा जॉब, म्हणजे जुनी शिल्लक पुढं नेऊन नवीन रजा जमा करणारा आपोआप चालणारा प्रोग्रॅम, चालला, आज तात्यांनी वही आणि आम्ही स्क्रीन, दोन्ही लावून बघत बसलो. चौथ्याच माणसाला तात्या थांबले. "याचे ३९ पाहिजेत, ३० कसे?"

बघितलं. २०२४ ची २६ शिल्लक, नवीन १३. माझ्या जॉबनं आधी नवीन १३ जमा केले, मग ३० वर कात्री लावली, नऊ दिवस गेले. मर्यादा पुढं नेण्याच्या रजेवर आहे, नवीन रजेवर नाही. आधी जुनी मोजायची, तिला ३० ची मर्यादा, मग नवीन वर जमा. ओळींचा क्रम उलटा होता एवढंच, आणि एकूण ३१ जणांचे दिवस कमी झाले होते. टेस्टमध्ये हे सापडलं नाही कारण टेस्टमधल्या सगळ्यांची शिल्लक मी दहा बाराच ठेवली होती. आता टेस्टमध्ये खऱ्या आकड्यांसारखे आकडे घातलेत, २६, ३०, ३७.

३७ मुद्दाम, कारण ती त्या फर्नेसवाल्याची शिल्लक. त्याला जॉबनं ३० केलं होतं. नाकारलेली ५ धरायची राहिली, रकाना होता पण जॉब तो वाचतच नव्हता. दुरुस्त केलं, ३५ पुढं जातात, वरच्या दोन दिवसांचे पैसे देऊया म्हणून मालकांनी सांगितलं.

तात्यांच्या वहीत "नाही" च्या पानावर त्याच्या टोकन नंबरापुढं ५ होताच, आणि आता त्या पानावर एकूण अकरा ओळी आहेत. त्या सगळ्या आमच्या तिसऱ्या रकान्याशी जुळल्या. जॉब उद्या पहिल्या शिफ्टच्या आधी परत चालवायचा, आधीच्या उलट्या ओळी टाकून, आणि ज्यांचा आकडा बदलला त्या ३१ जणांना आणि फर्नेसवाल्याला एसएमएस, का बदलला ते लिहून. साच्याची मंजुरी आज दुपारी मागितलीय.